अळवंतीण

* अळवंतीण : बाळंतपणात गेलेल्या बाईचे पिशाच, हडळीची सख्खी बहीणच म्हणा. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा विधवाश्रम १९०० साली पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर (आजचे कर्वेनगर) आला, तेव्हा आसपास शेते आणि अंधारच होता; असले शब्द तिथल्या मुलींच्या तोंडी असणे नवलाचे नाही.

अशा पिशाचांपैकी युरोपातल्या रक्तपिपासूंचे मूळ आजारांत आहे का, हे शास्त्रज्ञांनीही शोधले आहे. १९८५ मध्ये डेव्हिड डॉल्फिन यांनी पॉर्फिरियाकडे बोट दाखवले, पण रक्त पिऊन तो आजार हटत नाही. स्पॅनिश डॉक्टर गोमेझ-अलोन्सो यांचा १९९८ मधला रेबीजचा तर्क जास्त पटतो : चावा, उडालेली झोप, आवाज-उजेडाने येणारे झटके.

आपली अळवंतीण मात्र थेट बाळंतिणीच्या खोलीतली. आईला सूतिकाज्वर, रक्तस्राव नाहीतर आकडी. तापाच्या भरात ती बरळू लागली की ‘झपाटली’. बाळाला धनुर्वात : पहिले दोन दिवस नीट दूध ओढणारे मूल आठवड्याच्या आत तोंड मिटून घेते, अंग कमानीसारखे ताठते. पाचवी-सटवीचे जागरण नेमके त्याच दिवसांतले. तेव्हा उशाखाली विळा ठेवतात, लोखंडाला पिशाच भिते म्हणून. नाळ कापायलाही कित्येक घरांत विळाच घेत, गवताचा, न उकळलेला. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात.

ज्या हस्तलिखितावरची ही टीप आहे, त्यात ‘अलवंतीण’ आहे; कोशातले रूप घेतले आहे. – संपा.