गिअरबॉक्स खोलायचा की बदलायचा?

मुंबईत शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता. परदेशातून पेट्यांमधून आलेले भाग तिथे जोडले जात आणि शेवरोले गाड्या, ट्रक रस्त्यावर येत. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं, की या देशात प्रत्यक्ष उत्पादन करील त्यालाच पुढे वाहनधंदा करता येईल. नुसती जोडणी चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स, दोघांनीही इथला गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी टाटांच्या टेल्कोने डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले.

पण आधी विकलेले ट्रक कंपन्यांबरोबर परत गेले नाहीत. ते मालकाच्या दारात होते, त्यावर कर्ज होतं, घर चालत होतं. अशा ट्रकचा गिअरबॉक्स गेला तर नवा आणायचा कुठून? आयातीला परवाना लागे, परकीय चलन टिपून-मोजून मिळे. टाटाचा किंवा लेलँडचा नवा ट्रक घ्यावा म्हटलं तर नाव नोंदवून वाट पाहावी लागे. त्यामुळे ‘दुरुस्ती की बदली’ हा प्रश्न भारतीय ट्रकमालकासमोर कित्येक वर्षं खऱ्या अर्थाने उभाच राहिला नाही. गिअरबॉक्स उतरवायचा, खोलायचा, जमेल तसा बसवायचा. दुसरी वाट नव्हती.

त्याआधीची एक पिढी तर डिस्पोझलच्या ट्रकांवर वाढली होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने फोर्ड, शेवरोले, डॉज असे वापरलेले ट्रक विकायला काढले आणि मालवाहतुकीच्या धंद्यात अनेकांनी पहिलं पाऊल त्यांच्यावर टाकलं. दोन मोडके ट्रक घेऊन एक चालता करायचा, हे तेव्हाचं साधं गणित होतं.

त्या काळातले बहुतेक ट्रक क्रॅश गिअरचे. गिअरचे दात सरकवून एकमेकांत घालायची ही पद्धत फ्रान्सच्या पानार-लव्हासॉरने १८९१ च्या सुमाराला मोटारीत आणली. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणून कारचालकाची त्यातून सुटका केली, पण ट्रकवाल्याला पुढे बरीच वर्षं डबल क्लचच मारावा लागला. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर मध्येच रेस द्यायची, पुन्हा क्लच, मग गिअर. हात नवखा असला की कर्रकन आवाज येई आणि दातांच्या कडा झिजत. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात, क्षमतेपेक्षा जास्त माल भरून, हे दिवसातून किती वेळा होई याची कल्पना केलेली बरी. दातांची टोकं गोल झाली किंवा शिफ्टर फोर्क झिजला, की गिअर आपोआप उडे. उतारावर गिअर उडालेली भरलेली गाडी म्हणजे जिवाशी गाठ. पहिल्यांदा गिअर उडाला की गाडी उभी करणारा मालक शहाणा. लाकडाचा तुकडा अडकवून दांडा दाबून धरणारे चालकही होते, आणि त्यांची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

गिअरबॉक्स खोलण्याआधी जाणता मिस्त्री कान लावतो. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. गुरगुर येतेय आणि क्लच दाबल्यावर थांबतेय, तर दुखणं गिअरबॉक्समध्ये. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर बहुधा क्लचचं रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवला तरी आत काही सापडायचं नाही. ज्या गाडीत टॉप गिअर डायरेक्ट आहे, तिथे बाकी सगळ्या गिअरला आवाज आणि टॉपला शांत असेल, तर संशय काउंटर शाफ्टवर. कारण टॉपला त्या शाफ्टवर लोडच नसतो. मग खालचा बोल्ट काढून ऑइल थाळीत घ्यायचं. पितळी चमक असलेली बारीक भुकटी दिसली तर सिंक्रो रिंग झिजताहेत, निभावेल. बोटाला टोचणारे पोलादी तुकडे आले तर दात तुटलाय, आणि तो तुकडा बाकीच्या गिअरमधून फिरून आला असणार. जळका वास आला तर गाडी ऑइलशिवाय पळालेली असते, बहुतेकदा एका फाटक्या सीलपायी.

खरा निवाडा मात्र बाहेरच्या खोक्याचा, म्हणजे केसिंगचा. बेअरिंग, सील, एखादी गिअरची जोडी बदलता येते. पण बेअरिंग फिरून फिरून केसिंगचं भोक लंबगोल झालं असेल, तर दोन शाफ्ट एकमेकांशी समांतर राहत नाहीत आणि नवेकोरे गिअरही वर्षभरात खराब होतात. भोक मोठं करून त्यात स्लीव्ह ठोकण्याचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणचे लेथवाले सफाईने करत आले. बिडाला वेल्डिंगही होतं, आधी नीट तापवून घेतलं तर. गिअर घरी पाडणं मात्र फसवं. गिअरचा वरचा थर कडक आणि गाभा चिवट ठेवावा लागतो. हीट ट्रीटमेंट नसलेला गिअर दिसतो अस्सल आणि थोड्याच फेऱ्यांत दात गाळतो. या जुगाडाचं कौतुक फार झालं. त्यात कष्ट आणि बुद्धी होतीच, पण मालकाचे पैसे आणि चालकाची सुरक्षितताही त्यात गेली, हे सांगायलाच हवं.

तयार गिअरबॉक्स बदलून टाकायची शिस्त आपल्याकडे आणली ती मोठ्या संस्थांनी. लष्कराची यंत्रदुरुस्तीची स्वतंत्र शाखा १९४३ मध्ये उभी राहिली. खडकीला आजही तिचा मोठा बेस वर्कशॉप आहे. पुणे–नगर मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली आणि पुढे एसटीनेही डेपो, विभागीय कार्यशाळा आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा अशी उतरंड लावली. डेपोत गिअरबॉक्स बिघडला तर तो तिथेच खोलत बसायचा नाही. शिलकीतला तयार गिअरबॉक्स चढवायचा, गाडी मार्गावर सोडायची आणि बिघडलेला विभागाकडे पाठवायचा. दुरुस्ती होतेच, फक्त गाडी तिच्यासाठी अडकून पडत नाही. पण शेकडो एकसारख्या गाड्या असतील तरच हे परवडतं. एका ट्रकचा मालक जादा गिअरबॉक्स ठेवणार कुठून?

त्याची ही गरज जुन्या बाजाराने भागवली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात निघालेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स मिळत, पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ होती. या बाजाराला कायद्याचीही एक आडून मदत झाली. आरसी बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. गिअरबॉक्स रात्रीतून बदलला तरी कागदावर काही हलत नाही. सोय मोठी, आणि चोरीच्या मालालाही तितकीच मोठी वाट.

पारडं बदललं ते हप्त्यांनी. जुन्या ट्रकांना कर्ज देणारी श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स १९७९ मध्ये सुरू झाली, आणि हप्त्यावर ट्रक चालवणं हळूहळू धंद्याची रीत झाली. उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाही. मिस्त्रीने आठ दिवस मागितले, तर त्या आठ दिवसांचं भाडं, चालकाचा पगार आणि हप्ता यांची बेरीज दुरुस्तीच्या बिलात धरावी लागते. ती धरली की अनेकदा एक्स्चेंजचा गिअरबॉक्स स्वस्त पडतो. जुना द्यायचा, कंपनीने नव्यासारखा करून दिलेला घ्यायचा, फरक भरायचा. टाटा मोटर्स ‘प्रोलाइफ’ नावाने हा व्यवहार करते. २०१८ पासून त्यांच्या अवजड ट्रकांच्या ड्राइव्हलाइनला सहा वर्षं किंवा सहा लाख किलोमीटरची वॉरंटीही आली. तेवढी वर्षं मालकाला हा निर्णय घ्यावाच लागत नाही.

त्यानंतर ट्रकचं वय बोलू लागतं. नॅशनल परमिटला दोन एक्सलच्या ट्रकसाठी बारा वर्षांची मर्यादा आहे, मल्टी-एक्सलला पंधरा. मर्यादा गाठत आलेला ट्रक लांबचा मार्ग सोडून विटा, वाळू, ऊस अशा जवळच्या कामाला लागतो. त्याला एक्स्चेंजचा गिअरबॉक्स घालणं परवडत नाही, पण दोन बेअरिंग, एक सील आणि एका गिअरची जोडी परवडते. त्यामुळे ऊसपट्ट्यातल्या गॅरेजांत दिवाळीआधी, गाळप हंगाम तोंडावर आला की, बाकावर गिअरबॉक्स अजूनही खोललेले असतात. नव्या ट्रकांत एएमटी, म्हणजे आपोआप गिअर टाकणारा गिअरबॉक्स, आला आहे. त्यात शाफ्ट आणि गिअर जुन्याच धर्तीचे, पण चालताना गिअर टाकण्याचं काम हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा आणि संगणक करतात. तिथे कान लावण्याआधी लॅपटॉप जोडून फॉल्ट कोड वाचावा लागतो, आणि तो लॅपटॉप सध्या बहुतांशी कंपनीच्या डीलरकडेच आहे.