एका ओळीने बदललेली नोट

पिंपळनेरहून सटाण्यामार्गे नाशिकला गेलेल्यांना नाशिकरोडचा सरकारी छापखाना ठाऊक असेल. १९२८ सालापासून तेथे आपल्या नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी त्या विलायतेहून येत. याच छापखान्याने पाकिस्तानच्या पहिल्या नोटाही छापल्या, हे मात्र थोड्यांना माहीत असते.

१९४७ साली फाळणी झाली. देश एका रात्रीत वेगळे झाले, पण चलन कसे वेगळे व्हावे? नव्या नोटेचे चित्र, ठसे, कागद यांना वेळ लागतो. म्हणून काही काळ आपली रिझर्व्ह बँकच दोन्हीकडचे चलन सांभाळत होती. एप्रिल १९४८ मध्ये आपल्याच नोटांवर दोन ओळींची भर घालून त्या पाकिस्तानात काढल्या: वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’, खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. चित्र सहाव्या जॉर्ज बादशहाचे आणि सही गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांची! एक रुपयाची नोट तेवढी वेगळी. ती सरकारची असल्याने तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवाची सही असे.

ब्रह्मदेशाचेही असेच झाले. १९३७ साली तो हिंदुस्थानातून वेगळा झाला, तेव्हा ‘फक्त ब्रह्मदेशात चालेल’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आपल्या नोटांवर आली. १९४५ मध्ये तिच्या जोडीला तेथील लष्करी प्रशासनाचे नाव आले, १९४७ मध्ये चलन मंडळाचे. म्हणजे केवळ ओळ वाचून नोटेचा काळ सांगता येतो. चीनमध्ये तर एकाच बँकेच्या नोटांवर शांघाय, तिएनत्सिन अशी शहरांची नावे छापत.

आता एक सावधगिरी. अशा नोटांना संग्राहक चांगली किंमत देतात, म्हणून साध्या जुन्या नोटेवर खोटी ओळ उमटवणारेही असतात. भिंग घेऊन घडीची रेघ पाहा. घडी पडल्यावर छापले असेल, तर मोडलेल्या कागदाच्या तंतूंत शाई उतरून पसरलेली दिसते. नोट झिजलेली आणि अक्षरे मात्र कोरी करकरीत, हेही संशयाचेच लक्षण.

आजोबांच्या पेटीत अशी नोट सापडली तर ती धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. गुरुजनांनी ती वर्गात जरूर दाखवावी. सरहद्द नकाशावर रेघ होऊन येते. माणसाच्या खिशात ती अशी एका ओळीने आली.