लेबलं गेलेल्या तबकड्या

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. ओसरल्यावर आजोबांची ट्रंक उघडली. लाखेच्या तबकड्या बऱ्याचशा धडधाकट, पण लेबलांचा पार लगदा. भंगारवाला दारात उभाच होता. आत्या (वय ८४, सगळं आयुष्य बडोद्यात) म्हणाली, "देऊ नको हां. वाजव, मी सांगते ने."

पहिलीच लावली. आवाज विहिरीतून आल्यासारखा, तंबोरा ऐकूच येत नाही, तबला कुठेतरी लांब. शेवटी बाईनं आपलं नाव सांगितलं, पण खरखरीत तेही बुडालं. "भोंग्यातली," आत्या म्हणाली. म्हणजे १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला त्याच्या आधीची. तेव्हा भोंग्यासमोर तोंड धरून मोठ्यानं गावं लागे. गौहरजाननं १९०२ साली कलकत्त्यात असंच नाव सांगितलं होतं. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या, तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळावं म्हणून.

मग माझी फजिती झाली. एक तबकडी इतकी घाईची, की मी ठामपणे म्हटलं, ही तर सगळ्यांत जुनी. आत्या हसली. "घाई गवयाला नाही रे, तबकडीला आहे!" दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत, मैफलीतला तासाभराचा ख्याल त्यात कोंबायचा. लयीवरून काळ ठरवणं तिथेच संपलं. त्याऐवजी डग्ग्याचा घुमारा आणि गवयाचा श्वास ऐकायला शिकलो. ते ऐकू आले की मायक्रोफोननंतरची.

माळ्यावर होती म्हणून इंदूरच्या अमीर खाँची मारव्याची एलपी वाचली. एका बाजूला वीसेक मिनिटं, निवांत झुमरा. अर्थात खाँसाहेब एलपी आली म्हणून संथ झाले नाहीत. त्यांची संथ लय मावेल अशी तबकडी उशिरा आली, एवढंच.

रेडिओवरून भरलेल्या काही कॅसेटीही निघाल्या. त्यांत पेटी नाही, सारंगी आहे. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, त्यामुळे अंदाज सोपा.

एका तबकडीवर मात्र मी काही बोलायच्या आत आत्यानं हात वर केला. नोम्-तोम् सुरू झालं होतं. फैयाज खाँ. १९५० च्या नोव्हेंबरात ते इथेच बडोद्यात गेले, तेव्हा आत्या दहा वर्षांची. "त्या रात्री बाबांनी हीच लावली होती. जेवले नाहीत."

६१ पैकी ४३ तबकड्यांवर चिठ्ठ्या लागल्या. उरलेल्या १८ मधली एक आत्या रोज दुपारी लावायला सांगते.