तिसरी प्लेट

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या यंत्रशाळांना एक प्रश्न रोज पडत असे: ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग सपाट झाला, हे ठरवायचे कसे? वाफेच्या इंजिनाची सरकती झडप असो की लेथचा बेड, सपाटीवाचून काहीच नीट चालत नव्हते. रूढ रीत अशी होती, की दोन प्लेट एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये एमरीची पूड आणि तेल घालायचे आणि घासत राहायचे. पृष्ठभाग चकाकू लागे, जोडी घट्ट बसे आणि कारागीर समाधान मानत. पण एक प्लेट किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली, तरी जोडी तशीच घट्ट बसते. 1840 मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढे वाचलेल्या निबंधात अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी या घासण्यावरच हल्ला चढवला. पूड कुठे गोळा होईल आणि किती कापेल यावर कारागिराचा ताबा नसतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

त्यांनी पुरस्कारलेली रीत स्क्रेपिंगची. गेरूसारखा रंग तेलात कालवून प्रमाण प्लेटवर अगदी पातळ फासायचा आणि कामाचा पृष्ठभाग तिच्यावर टेकवून हलकेच सरकवायचा. जिथे उंचवटा असेल तिथेच रंग लागतो. धारदार स्क्रेपरने तेवढाच ठिपका खरवडायचा, पुसायचे, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. सुरुवातीला दोन-चार मोठे डाग उठतात. काम पुढे सरकते तसे डाग बारीक आणि दाट होत जातात, आणि ते सर्वत्र सारखे पसरले की हात थांबतो. पण मुळात प्रमाण प्लेट कुठून आणायची? त्यासाठी तीन प्लेट घ्यायच्या आणि आलटूनपालटून, दिशा फिरवून, प्रत्येकीला उरलेल्या दोघींशी जुळवायचे. पहिली फुगीर असेल तर तिच्याशी जुळलेल्या दुसरी आणि तिसरी दोन्ही खोलगट निघतात आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत. तिघी आपसांत जुळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिघीही सपाट असणे. या युक्तीचे श्रेय एकट्या व्हिटवर्थना देणे मला न्याय्य वाटत नाही. ते ज्यांच्या हाताखाली तयार झाले, त्या हेन्री मॉडस्ले यांच्या लंडनच्या कारखान्यात कामगारांच्या बाकांवर प्रमाण प्लेट आधीपासूनच असत.

माझे म्हणणे असे, की अतिसूक्ष्म यंत्रणाचा सारा पुढचा इतिहास या तिसऱ्या प्लेटचा इतिहास आहे. पृष्ठभागाचा दर्जा वाढत गेला तो कापण्याची हत्यारे सुधारली म्हणून; पण त्याहून अधिक, काम चालू असताना त्याची स्वतंत्र पडताळणी होत गेली म्हणून. यावर कोणी म्हणेल, की हे हातकामाच्या काळापुरते खरे. हिऱ्याच्या हत्याराने आरशासारखा पृष्ठभाग थेट कापणाऱ्या लेथची अचूकता तिच्या बांधणीतच असते. पण अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत 1980च्या दशकात उभ्या राहिलेल्या मोठ्या हिरा-लेथकडे पाहावे. तिची मोजमापाची चौकट यंत्राच्या सांगाड्यापासून वेगळी ठेवली होती. कापण्याचा भार त्या चौकटीवर येत नसे, आणि हत्याराची जागा लेसरने तिच्याच संदर्भात मोजली जाई. म्हणजे यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, हाच तिच्या रचनेचा पाया होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोजणारे साधनच चुकले तर? हबल दुर्बिणीच्या 2.4 मीटर व्यासाच्या आरशाचे तेच झाले. पॉलिश अप्रतिम होते, पण ज्या उपकरणाने आकार तपासत होते, त्यातले एक भिंग सुमारे 1.3 मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. आरसा त्या उपकरणाशी तंतोतंत जुळवला गेला आणि त्याची कड सुमारे 2.2 मायक्रॉनने जास्त सपाट निघाली. 1990 मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यावर चित्रे अस्पष्ट येऊ लागली, तेव्हा हे उघड झाले. चौकशीत आढळले, की साध्या उपकरणांनी केलेल्या तपासण्यांत दोष दिसला होता. ती उपकरणे कमी अचूक म्हणून त्यांची नोंद बाजूला सारली गेली. या उदाहरणाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. आरसा आणि त्याचे तपासणी-उपकरण या दोन प्लेट होत्या आणि त्या एकमेकींशी उत्तम जुळल्या. तिसरी हाताशी होती, पण तिचे ऐकले गेले नाही.

आज कापताना निघणारा ध्वनी, कंप आणि बल सेन्सर टिपतात आणि त्यांवरून संगणक पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा अंदाज बांधतो. हा अंदाज ज्या मोजणीवरून शिकवलेला असतो तिच्यात खोट असेल, तर तीच खोट त्यात उतरते आणि आकडे तरीही सुरेख जुळतात. स्वतंत्र पडताळणीची सवय टिकावी म्हणून आपल्या आयटीआयच्या फिटर अभ्यासक्रमात स्क्रेपिंग अजून शिकवले जाते, ते काढून टाकू नये. आणि ज्या कारखानदारांनी सेन्सरसाठी पैसे बाजूला ठेवले आहेत, त्यांनी त्यातला एक वाटा वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या दुसऱ्या मोजणी-साधनासाठी राखावा, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत तर काम थांबवण्याचा अधिकार तपासणाऱ्याला द्यावा.