बरणीतली आजी

१८८७ साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात एक 'ग्रॅनी' वारली आणि चक्क पेपरात तिची बातमी आली. ही आजी म्हणजे काचेच्या बरणीतलं सी ॲनिमोन. आपल्याकडे याला समुद्रफूल म्हणतात. नाव फुलाचं, पण आहे प्राणी.

१८२८ साली सर जॉन डॅलिएल यांनी तिला नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून आणलं. १८५१ मध्ये ते गेले. मग बरणी एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी तिथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये पोचली. एकूण ५९ वर्षं! पंप नाही, फिल्टर नाही. समुद्राचं ताजं पाणी बदलायचं आणि अधूनमधून शिंपल्यातलं मांस भरवायचं, एवढंच.

म्हणजे सोपं आहे का? अजिबात नाही. इंग्लंडमध्ये तोच गैरसमज झाला.

१८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली. रेल्वेने लोक समुद्रावर जायला लागले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. त्यासाठी जीव गोळा करून देणाऱ्या फिलिप गॉस यांनी पुढच्याच वर्षी 'द अक्वेरियम' हे पुस्तक लिहिलं आणि घरोघरी समुद्र ठेवायची टूम निघाली. लोक छिन्नी-हातोडी घेऊन खडकांवर तुटून पडले. पण घरी पाणी सडायचं, जीव मरायचे, की पुन्हा नवे आणायचे.

पुढे गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली लिहून ठेवलं की लहानपणी पाहिलेली ती भरलेली डबकी संग्राहकांच्या फौजेने ओरबाडून नेली, आणि आपणच ही वाट दाखवली याचं वडिलांना फार वाईट वाटलं.

आता आजचं बघा. 'फाइंडिंग निमो'नंतर क्लाउनफिश हवा, मग त्याचं घर म्हणून ॲनिमोनही हवं. पण ग्रॅनी होती भरती-ओहोटीचे तडाखे सोसणाऱ्या जातीची. दुकानातली ही जात उष्ण समुद्रातली. तिच्या अंगात शैवाल राहतं, त्याला भरपूर उजेड लागतो. खारटपणा आणि तापमान जरा हललं की ती आक्रसते. जागा आवडली नाही तर सरकत जाऊन पंपात अडकते. आणि मेली, की अख्ख्या टाकीचं पाणी नासवते.

क्लाउनफिश आता टाकीतही पैदा होतात आणि ॲनिमोनशिवाय टाकीत मजेत जगतात. ॲनिमोन मात्र बहुतेक वेळा समुद्रातूनच उपटून आणलेलं असतं.

म्हणून हौस असेल तर आधी वर्षभर नुसती टाकी सांभाळून बघा. जमलं, तर दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत दुभंगून वाढलेलं पिल्लू मागा. नाहीच जमलं, तर ओहोटीला खडकांवर जा, वाकून बघा, हात न लावता परत या.

ग्रॅनी ५९ वर्षं जगली, कारण एकामागून एक माणसांनी तिची जबाबदारी घेतली. बरणी कुणालाही विकत घेता येते हो!