यहुदी प्रार्थनावस्त्र : रेशीम, नीळ आणि कोकणातील बेने इस्रायल

यहुदी पुरुष प्रार्थनेच्या वेळी जे वस्त्र पांघरतात त्यास हिब्रू भाषेत 'तल्लीत' असे नाव असून कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या बोलण्यात ते 'सिसित' म्हणूनही ओळखले जाते. वस्तुतः सिसित हे नाव वस्त्राचे नव्हे, तर त्याच्या चार कोपऱ्यांस बांधावयाच्या गोंड्यांचे होय. अंशाचे नाव पूर्णास लागले ही केवळ बोलीची लकब मानण्याचे कारण नाही. 'गणना' ग्रंथाच्या 15व्या अध्यायातील आज्ञा गोंड्यांविषयी व त्यांतील निळ्या दोऱ्याविषयी आहे. कापड कोणत्या रंगाचे वा पोताचे असावे याविषयी ती काहीच सांगत नाही. गोंड्यांवाचून ते वस्त्र साधी शालच राहते.

कापडाबाबत मुख्य निर्बंध एकच असून तो 'अनुवाद' ग्रंथाच्या 22व्या अध्यायात येतो : लोकर व ताग-अळशीच्या वर्गातील जवसाचा धागा, म्हणजे लिनन, ही दोन्ही एकत्र विणू नयेत. रेशीम या निषेधाच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे रेशमी कापडास लोकरीचे गोंडे चालतात, रेशमाचेही चालतात. कारागिरीच्या दृष्टीने त्याहून अधिक महत्त्वाचा नियम दोऱ्यासंबंधी आहे. गोंड्याचा दोरा या धर्मकृत्यासाठीच काततो आहोत, असा संकल्प मनात धरून तो कातावा लागतो. कापड मात्र कोणत्याही धर्माच्या विणकराने विणावे, कोणत्याही रंगाऱ्याने रंगवावे. प्रत्येक कोपऱ्यातील छिद्रातून चार दोरे ओवून दुमडले की आठ पदर होतात. त्यांतील लांब दोरा उरलेल्यांभोवती गुंडाळीत पाच दुहेरी गाठी मारावयाच्या, आणि वेढे 7, 8, 11 व 13 या क्रमाने घ्यावयाचे, असा एक प्रचलित संप्रदाय आहे.

महाराष्ट्रात अशा वस्त्रास साजेसे रेशीम शोधावयाचे तर दृष्टी विदर्भाकडे जाते. नागपूरच्या मनीषनगरासारख्या दक्षिणेकडील वस्तीपासून भंडारा फार लांब नाही, आणि भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर टसराचे किडे पोसले जातात. ढिवर समाजातील कुटुंबे हा व्यवसाय करीत आली आहेत. टसराचा मूळ रंग मातकट-पिवळा असल्याने फिकट छटा त्यावर उजळत नाहीत. तुतीवरील पांढऱ्या रेशमाची गोष्ट निराळी. त्यावरील डिंकासारखा थर साबणाच्या पाण्यात उकळून काढला म्हणजे वजन सुमारे 20 ते 25 टक्के घटते, पण सूत मऊ, चकचकीत व रंगास ग्रहणशील होते. लाखेचा तांबडा रंग पक्का बसण्यास तुरटी लागते. हळदीचा पिवळा रंग देखणा खरा, परंतु उन्हात टिकत नाही. निळीस तुरटी लागत नाही. तिचा माठ क्षारयुक्त ठेवावा लागतो, आणि येथेच रेशीम रंगविणाऱ्याची परीक्षा होते. रेशीम हा प्राणिज तंतू असल्यामुळे कापसास मानवणारा तीव्र क्षार त्यास खातो. माठातून सूत हिरवट निघते, वाऱ्यावर धरले की निळे होते. गडद छटेसाठी तेच अनेकदा करावे लागते.

या निळीशी यहुदी धर्मशास्त्राचा जुना वाद आहे. आज्ञेतील निळा रंग, 'तखेलेत', सागरी प्राण्यापासून मिळे. तो अतिशय महाग असल्याने वनस्पतिज निळा रंग त्याच्या जागी खपविला जाई. तालमुदात या नकली रंगास 'काला इलान' म्हटले असून विद्वान त्याचा अर्थ नीळ असाच लावतात. ग्रीकांनी नीळीस दिलेले नावच मुळी 'भारतीय' या अर्थाचे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. तथापि निषेध रंगाचा नव्हे, लबाडीचा आहे. निळीत रंगविलेला दोरा बांधल्याने वस्त्र बाद होत नाही. तो पांढऱ्या दोऱ्यासारखा गणला जातो. तो सागरी म्हणून विकणारा मात्र दोषी ठरतो. पुढे खऱ्या रंगाची विद्याच लुप्त झाली आणि शतकानुशतके सर्वत्र पांढरे गोंडे रूढ झाले. 1980 च्या दशकात इस्रायलमधील रसायनशास्त्रज्ञ ओटो एल्सनर यांना असे आढळले की म्यूरेक्स जातीच्या शंखातील द्रव्याच्या माठावर सूर्यप्रकाश पडला असता जांभळी झाक जाऊन शुद्ध निळा रंग उरतो. हा निळा रंग आणि वनस्पतिज निळीतील रंगद्रव्य रासायनिकदृष्ट्या एकच होय. म्हणजे धर्मशास्त्राने केलेला भेद डोळ्यांस दिसणारा नाही. तो उगमाचा आहे.

कोकणातील यहुद्यांपाशी रंगीत रेशमी सिसितांची प्राचीन परंपरा होती, असे मानण्याचा मोह होतो. पण त्यास आधार नाही. कुलाबा जिल्ह्यातील गावांत तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जात. सुंता, शब्बाथ, आहारनियम व 'शमा' ही प्रार्थना त्यांनी जपली होती. सभास्थान नव्हते, ग्रंथ नव्हते. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधविले. कोचीनहून आलेले शिक्षक आणि पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकर (1834–1905) यांची मराठी प्रार्थनाभाषांतरे यांमुळे विधींची घडी बसली. गोंड्यांचे शास्त्रशुद्ध नियमही याच काळात रुजले असावेत. तखेलेतची विद्या तेव्हा जगात कोठेच उरली नव्हती. साहजिकच कोकणात जे गोंडे आले ते पांढरेच आले.