मासळीच्या बळावर वसलेले बेट

वर्गातल्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर त्यावर 67.5 अंश उत्तर अक्षांशाच्या जवळून बोट फिरवून पाहू. सायबेरियात वर्खोयान्स्क लागेल. तिथले जानेवारीचे सरासरी तापमान उणे 45 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पश्चिमेकडे सरकत नॉर्वेचा किनारा ओलांडला, की सुमारे 100 किलोमीटरवर भर समुद्रात रोस्ट हा छोटासा द्वीपसमूह येतो. लोफोटेन बेटांचे हे शेवटचे टोक. इथे मात्र जानेवारीतही सरासरी तापमान शून्याच्या थोडे वरच असते. अटलांटिकमधला उष्ण प्रवाह आणि त्यावरून येणारे नैर्ऋत्य वारे यांची ही करामत.

रोस्टचे मुख्य बेट अगदी सपाट आहे. सर्वांत उंच जागा जेमतेम 11 मीटर. झाडे जवळजवळ नाहीत, धान्य पिकत नाही. वस्ती आजही पाचशेच्या आत आहे. मग इथे शेकडो वर्षे माणसे राहिली कशी?

याचे एक उत्तर अपघाताने लिहिले गेले. एप्रिल 1431 मध्ये पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी 68 माणसांसह क्रीट बेटावरून फ्लँडर्सकडे निघाला. वादळात जहाजाचे सुकाणू तुटले, जहाज भरकटत उत्तरेकडे गेले. डिसेंबरात ते सोडून सर्वजण दोन होड्यांत उतरले. लहान होडीचा पुढे पत्ताच लागला नाही. मोठ्या होडीतले थोडे लोक जानेवारी 1432 मध्ये रोस्टजवळच्या एका निर्मनुष्य बेटाला लागले. शेवटी 11 जण वाचले. त्यांनी पेटवलेल्या शेकोटीचा धूर पाहून एक कोळी आपल्या दोन मुलांसह तिथे आला. गावकऱ्यांनी या अनोळखी माणसांना घरी नेले आणि सुमारे साडेतीन महिने सांभाळले. एकमेकांची भाषा कळत नव्हती, पण गावच्या जर्मन पाद्र्याला लॅटिन येत असल्याने बोलणे होऊ शकले.

या प्रवासाच्या दोन हकिकती उपलब्ध आहेत. एक क्वेरिनीची, दुसरी त्याच्या दोन सोबत्यांची. त्या 1559 मध्ये व्हेनिसला छापल्या गेल्या. त्यांत गावातल्या 120 माणसांचे जगणे दिसते. घरे लाकडी, गोलाकार. उजेडासाठी छताला एकच भोक, आणि थंडीत त्यावर माशाचे कातडे. नाणी वापरात नव्हती, सुकवलेला मासाच पैशाचे काम करी.

हा मासा म्हणजे कॉड. जानेवारी ते एप्रिलमध्ये तो बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनजवळ येतो. डोके व आतडी काढून, दोन-दोन मासे शेपटीला बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. मे-जूनपर्यंत वाऱ्यात मासा इतका सुकतो, की वजन जेमतेम पाचवा हिस्सा उरते आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. इथे तापमानाचे महत्त्व कळते. कडक गोठण पडली तर मांसाचे तंतू फाटतात. ऊब वाढली तर माश्या बसतात, मासा कुजतो. नेमका हंगामाच्या वेळी रोस्टचा पारा शून्याच्या जरा वर असतो.

असा टिकाऊ आणि हलका माल दूर नेता येतो. रोस्टचे लोक तो बर्गेनच्या बाजारात नेत आणि बदल्यात कापड, चामडे, धान्य आणत. मे 1432 मध्ये क्वेरिनी बेटावरून निघाला तोही बर्गेनला सुकी मासळी नेणाऱ्या बोटीतूनच. त्यानेच ही मासळी इटलीत प्रथम नेली, अशी गोष्ट आवडीने सांगितली जाते. ती खरी मानण्याची घाई नको. नॉर्वेची सुकी मासळी त्याच्या कितीतरी आधीपासून युरोपात विकली जात होती. इटली तिचे मोठे गिऱ्हाईक आहे, हे मात्र खरे.

मग रोस्टला दुर्गम म्हणावे का? नकाशावर ते एकाकी दिसते, पण बाजाराशी असलेल्या नात्याशिवाय तिथे चूल पेटली नसती. हे नाते एका जातीच्या माशावर आणि तापमानाच्या दोन-चार अंशांच्या अरुंद पट्ट्यावर तोललेले आहे. समुद्र तापत असताना हा पट्टा सरकला, कॉडने अंडी घालायची जागा बदलली, तर काय होईल? वर्गात चर्चेला हा प्रश्न घेता येईल. इतिहास, भूगोल आणि विज्ञान या तिन्ही तासांना तो चालेल.